वीस मिनिटांची सोबत

माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलवर पाच नावं आहेत. फोन उघडला की पहिल्याच पडद्यावर, ठसठशीत चौकोनांत. चष्मा नसला, हात थरथरत असला तरी बोट नेमकं त्यांच्यावर पडावं अशी. त्या पाच चौकोनांच्या वर एक आकडा असतो आणि रोज तो एकानं वाढतो. आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला मोबाइलमधलं काही कळत नाही, पण सकाळी चहाचा कप हातात आला की ती विचारते, "आज किती रे?" तो आकडा सांगतो. मग ती चहा पिते.

त्या पाच नावांत माझं नाव नव्हतं. म्हणजे आधी होतं, मग त्यानं ते काढून टाकलं आणि सात महिने ते तिथं नव्हतं. मी त्याची सख्खी थोरली बहीण. त्याच्या उपचारांसाठी धावाधाव केली ती मी, पैसे उभे केले ते मी. तरीही नाव काढलं, आणि बरोबर काढलं. ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

भाऊ कराडजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. हातात कसब असं की बिघडलेलं यंत्र नुसतं ऐकून दुखणं सांगावं. हंगामात मरणाचं काम आणि हंगाम सरला की रिकामपण. त्या रिकामपणातली 'कधीमधी'ची दारू 'रोज'ची कधी झाली आणि 'रोज'ची 'सकाळपासून' कधी झाली, हे आम्हाला कळलं नाही; किंवा कळूनही आम्ही कळू दिलं नाही. असो. पुढचं सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात हे घडलं आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि अशी घरं थोडी नाहीत.

दोनदा त्यानं आपल्या मनानं सोडली. एकदा देवापुढं शपथ घेऊन, एकदा गळ्यात माळ घालून. दुसऱ्या वेळी एकाएकी बंद केली तेव्हा तिसऱ्या दिवशी हातपाय कापायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली आणि रात्री फिट आली. डॉक्टर तेव्हा जे बोलले ते वाचकांसाठी इथंच नोंदवून ठेवते: रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एका झटक्यात दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. ते पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच काढायचे. तिथं कुठलाही फोन आणि कुठलंही ॲप कामाचं नाही.

शेवटी २०२४च्या एप्रिलअखेर, हंगाम आटोपल्यावर, तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायला तयार झाला. व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याकडं पुण्याचं मुक्तांगण आठवतं. अनिल अवचटांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी ते काम सुरू केलं. त्यानंतर महाराष्ट्रात अशी पुष्कळ केंद्रं निघाली. भाऊ गेला ते त्यांतलंच एक, लहानसं. पाच आठवडे तो तिथं राहिला आणि निघाला तेव्हा त्याचा चेहरा मला वीस वर्षांपूर्वीचा दिसला. मी पेढे घेऊन गेले होते. तिथल्या समुपदेशक मॅडमनी एक पेढा घेतला आणि म्हणाल्या, "ताई, पेढे लवकर आणलेत. इथं तो प्यायला नाही, कारण इथं दारू नाही. आता ती आहे तिथं त्याला जायचंय."

मग त्यांनी आम्हाला तलफ म्हणजे काय ते समजावलं. मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, पण इतका सोपा पाठ मी कधी घेतला नसेल. तलफ ही काही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. वर्षानुवर्षं मेंदूनं काही खुणा दारूशी जोडून ठेवलेल्या असतात. पगाराचा दिवस, संध्याकाळचे सात, अमक्याची मोटारसायकल, खारे शेंगदाणे, घरातलं भांडण. खूण दिसली की मेंदू मागणी करतो. ती मागणी लाटेसारखी चढते, अगदी माथ्यावर येते आणि तिला खतपाणी मिळालं नाही तर बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. पिणाऱ्याला मात्र वाटतं की ही आता चढतच जाणार. "जन्मभर प्यायचं नाही, असलं काही मनात आणायचं नाही," त्या भावाला म्हणाल्या. "वीस मिनिटं काढायची, बस."

माझ्यातल्या मास्तरणीनं लगेच गणित मांडलं. आठवड्याचे तास १६८. केंद्रातर्फे पाठपुराव्याची सभा आठवड्यातून एक तास. उरले १६७. ती वीस मिनिटं या १६७ तासांत केव्हाही येणार. तेव्हा मॅडम कुठं असणार आणि मी तर साताऱ्याला!

"म्हणून तर फोन," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी भावाचा मोबाइल त्याच्याच हातात ठेवून त्याच्याकडून काम करवून घेतलं. आधी अकरा नंबर पुसले. पिण्यातले सोबती, उधारी लिहून ठेवणारा बारवाला आणि फोन केला की बाटली दारात आणून देणारा एक पोऱ्या. (टाळेबंदीत, २०२०च्या मे महिन्यात, आपल्या सरकारनंच दारू घरपोच द्यायला परवानगी दिली होती. तेव्हा फोन हा नेहमीच सज्जनांच्या बाजूनं असतो असं समजू नये.) मग पाच नंबर निवडायला सांगितले. मॅडम स्वतः, भावजय, कारखान्यातला न पिणारा एक जोडीदार, केंद्रात भेटलेला आणि आठ वर्षं दारूपासून दूर असलेला उंब्रजचा एक शिंपी, आणि पाचवी मी. माझ्या मुलानं ते चौकोन मांडून दिले आणि दिवस मोजणारं एक फुकटातलं ॲप घालून दिलं. त्यात रोज दोन प्रश्न येतात: आज कसं वाटतंय, आणि आज कुठं धोका आहे. उत्तर लिहायचं. यापलीकडं त्यात काही नाही.

मला हे सगळं फार आधुनिक वाटलं होतं. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की दारू आणि टेलिफोन यांची गाठ जुनीच आहे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या जगभर पसरलेल्या संघटनेची सुरुवातच एका टेलिफोननं झाली. १९३५चा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. काम फिसकटलं. परक्या गावात, खिसा रिकामा, हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा. एका बाजूला बारमधला हास्यविनोद, दुसऱ्या बाजूला सार्वजनिक टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडं वळला. एकामागून एक फोन करत तो माणूस शोधत होता; उपदेश करणारा नव्हे, त्याच्यासारखाच एखादा दारुडा. अखेर एका बाईंनी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या शल्यविशारदाशी घालून दिली. दोघं तासन्‌तास बोलत बसले. त्या संध्याकाळी विल्सन प्यायला नाही, आणि १० जून १९३५ या दिवशी डॉक्टरांनी अखेरचा घोट घेतला. तीच संघटनेची जन्मतारीख मानतात.

म्हणजे दारूड्याच्या हातात फोन देण्याची कल्पना नवी नाही. त्याचं शास्त्रशुद्ध मोजमाप मात्र अलीकडचं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ए-चेस' नावाचं ॲप तयार केलं. निवासी उपचार संपवून घरी निघालेल्या ३४९ जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचा पाठपुरावा. दुसऱ्याला नेहमीचा पाठपुरावा आणि आठ महिने हे ॲप असलेला स्मार्टफोन. त्यात एक घाबरल्यावर दाबायचं बटण होतं. ते दाबलं की आपल्या माणसांपर्यंत निरोप जाई आणि आपण दारू का सोडली हे आपल्याच शब्दांत समोर येई. रुग्णानं स्वतः नोंदवलेल्या धोक्याच्या जागेजवळ, म्हणजे जुन्या बारपाशी वगैरे तो पोचला, की फोन त्याला टोके. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. गेल्या तीस दिवसांत बेसुमार पिण्याचे दिवस किती, असं विचारलं तेव्हा नेहमीच्या गटात सरासरी २.७५ दिवस निघाले, ॲपवाल्या गटात १.३९. जवळजवळ निम्मे. यात जादू नाही हे उघड आहे. ॲप हातात असूनही कितीतरी जण प्यायलेच. पण ॲपचे आठ महिने संपल्यावर चार महिन्यांनी विचारलं तेव्हाही दोन गटांतला फरक टिकून होता.

हे मी वाचलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. 'धोक्याच्या जागेजवळ पोचला की फोन टोकतो' एवढंच मी उचललं. 'रुग्णानं स्वतः नोंदवलेल्या' हे शब्द मी वाचले, पण माझ्यात शिरले नाहीत.

जुलैत आईला भेटायला कराडला गेले होते. भाऊ अंघोळीला गेला होता, फोन फळीवर होता. मी त्यातून त्याचा ठावठिकाणा माझ्या फोनवर दिसेल अशी सोय करून घेतली. त्याला सांगितलं नाही. पहिले काही दिवस मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! साताऱ्यात बसून मला तो निळा ठिपका दिसायचा. ठिपका कारखान्यात, ठिपका घरात, ठिपका मंडईत. मी स्वयंपाक करता करता बघायची, रात्री उठून बघायची. भाऊ दारूतून सुटत होता आणि मला ठिपक्याचं व्यसन लागत होतं.

ऑगस्टमधली ती संध्याकाळ. ठिपका चौकातल्या परमिट रूमपाशी थांबला. दोन मिनिटं, पाच मिनिटं, हलेना. मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. नऊ वेळा लावला. मग भावजयीला लावला आणि ओरडले. ती बिचारी चौकात धावत गेली. परमिट रूमच्या शेजारी औषधाचं दुकान आहे. भाऊ तिथं आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा होता. चारचौघांत बायको त्याच्या तोंडाचा वास घ्यायला पुढं झाली.

तो मला काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून बाहेर पडला आणि रात्री पिऊन आला. त्या सकाळी आकडा १०४ होता.

मी गाडी पकडून केंद्रात गेले. तक्रारच घेऊन गेले होते म्हणा ना. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, पाळत कुणावर ठेवतात?" मी गप्प. "तो फोन त्याचा आधार होता. तो घेऊन तो त्या चौकातून रोज जात होता, कारण त्या फोनच्या पलीकडं आपली माणसं आहेत हे त्याला माहीत होतं. आता त्या फोनच्या पलीकडं पोलीस आहे." मी त्यांच्यासमोरच ती सोय बंद केली. घरी आल्यावर भावजयीकडून कळलं की त्यानं पाचवा चौकोन रिकामा केला आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत लक्षात आली. प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी भावानं इमानदारीत ॲपमध्ये नोंद केली आणि ॲपनं १०४चं शून्य केलं. एका क्षणात. तो भावजयीला म्हणाला, "सगळं पुसलं. आता काय, एक प्यायली काय आणि दहा काय." हे ॲप बनवणाऱ्या हुशार मुलांनी कधी एखाद्या पिणाऱ्याबरोबर संध्याकाळ काढली असती तर त्यांना असं शून्य सुचलं नसतं. एकदा पाय घसरणं आणि पुन्हा गाळात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं दुसरीत रूपांतर होतं ते बहुतेक वेळा या 'सगळं पुसलं'मुळंच. अमेरिकेची राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्था सांगते की उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा केव्हातरी वापराकडं वळतात, आणि औषधं सोडून पुन्हा दुखणं उलटण्याचं प्रमाण रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांतही कमी नाही. आईनं चार दिवस गोळी चुकवली तर तिची आयुष्यभराची पथ्यं पुसली असं आपण म्हणत नाही.

उंब्रजचा शिंपी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून कराडला आला. त्यानं भावाला एक वही दिली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं: १०५ दिवसांपैकी १०४. ॲपचं शून्य ॲपपाशी राहिलं. चौथ्या दिवशी भाऊ सभेला गेला.

मला या निमित्तानं या ॲपांच्या दुनियेत बरंच डोकावता आलं. अमेरिकेत तर डॉक्टरांनी औषधासारखं चिठ्ठीवर लिहून द्यायचं ॲपही निघालं, 'रीसेट' नावाचं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली त्याला मान्यता दिली. बारा आठवड्यांचा कोर्स. पण विमा कंपन्या पुरेसे पैसे देईनात आणि २०२३च्या एप्रिलमध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. औषध कंपनी बुडाली तर गोळ्या दुसरीकडं मिळतात; ॲपचं तसं नाही. दारू सोडवणाऱ्या 'मॉन्युमेंट' या दुसऱ्या कंपनीवर २०२४ साली तिथल्या सरकारी आयोगानं कारवाई केली, कारण तिनं आपल्या ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक-गुगलसारख्यांना पुरवली होती. आपला नवरा, आपला मुलगा दारू सोडतो आहे ही बातमी आपण शेजारणीलाही सांगत नाही आणि ती अशी बाजारात जाते. तेव्हा कुठलंही ॲप फोनवर घेण्याआधी ते काय काय मागतं, कुणाकुणाला कळवतं हे एकदा मुलांना वाचायला सांगावं. आणि बहुतेक ॲपांची 'ए-चेस'सारखी परीक्षा झालेलीच नसते.

मग हे सगळं सोडून द्यावं का? मला नाही तसं वाटत. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'नं केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, आणि दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठले ना कुठले उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांसाठी इतके डॉक्टर आणायचे कुठून? गोव्यात 'संगत' या संस्थेनं एक वेगळी वाट दाखवली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तर ज्यांचं पिणं आटोक्यात आलं असे या गटात ३६ टक्के होते, दुसऱ्या गटात २६. बोलणारा पदवीधर डॉक्टरच हवा असं नाही, बोलणारा हवा. आणि गावात तोही नसेल, तर फोन आहे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. व्यसनांसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. दोन्ही फुकट, आणि स्मार्टफोनच हवा असंही नाही. पिणाऱ्या बायकांचा विचार करा. त्या आपल्याकडं आहेत, फक्त कुणी बोलत नाही. सभेला जाऊन चार पुरुषांत बसणं त्यांना शक्य नसतं. दार लावून फोनवर बोलता येतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या ऑगस्टनंतर मी भावाला पिण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फोन करायची ते आईच्या तब्येतीबद्दल. हे लिहायला सोपं आहे. दसरा गेला, दिवाळी गेली, एकतीस डिसेंबर गेला. त्या रात्री मी माझा फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

मग २०२५ची धुळवड आली. ज्यांच्या घरात पिणारं माणूस आहे त्यांना या दिवसाबद्दल सांगायला नको. मी दुपारभर कुरडयांच्या चिकाशी झगडत होते. संध्याकाळी पावणेआठला फोन वाजला. भावाचा. मागं हलगी, आरडाओरडा, कुणीतरी त्याला नावानं हाका मारत होतं.

"ताई, बोल काहीतरी."

"काय झालं रे?"

"काही विचारू नको. नुसतं बोल."

मी काय बोलणार! कुरडयांचं बोलले. यंदा गहू नीट भिजले नाहीत, चीक शिजवताना गुठळ्या झाल्या, निम्मा फेकावा लागला, शेजारीण म्हणते पाणी थंड होतं, मी म्हणते गहूच तसला. मी बोलत राहिले. मध्येच तो म्हणाला, "किती दिवस भिजवले होतेस?" मी म्हटलं, दोन. "आई तीन दिवस भिजवते. रोज पाणी बदलते." मग आम्ही आईच्या कुरडयांवर बोललो, माळ्यावरच्या जुन्या सोऱ्यावर बोललो. त्याचा सोऱ्या एकदा मोडला होता तो यानं आठवीत असताना दुरुस्त केला होता, त्यावर बोललो. हलगी हळूहळू लांब जात होती. तो चालत होता हे मला तेव्हा कळलं. कुत्रं भुंकलं. फाटकाची कडी वाजली.

"घर आलं. ठेवतो गं."

मी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं झाली होती.

पाडव्याला कराडला गेले. भावजय आत पुरण वाटत होती, गुढीची साखरेची गाठी माझ्या हातात होती. फोन फळीवर होता. मी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. आईनं चहाचा कप उचलला आणि विचारलं, "आज किती रे?" एरवी तो आकडा तोंडानं सांगतो. त्या दिवशी त्यानं फोन काढून तिच्यासमोर धरला. मी शेजारीच बसले होते. पाचवा चौकोन भरला होता.

"दोनशे तीस," आईनं वाचलं आणि कप तोंडाला लावला.